पंधरा नंबरचा तिसरा फाऊल

शिट्टी वाजली तेव्हा मर्सी जमिनीवर बसली होती, बॉल कुंपणाच्या तारेकडे घरंगळत चालला होता आणि अंपायरचं बोट सोजरकडे रोखलेलं होतं.

"पंधरा नंबर!"

सोजरनं उजवा हात सरळ डोक्यावर नेला, टेबलाकडे तोंड केलं आणि तशीच उभी राहिली. टेबलावरच्या माणसानं तीनचा आकडा लिहिलेली पाटी वर धरली. म्हणजे सोजरचा तिसरा फाऊल. पाचवा झाला की खेळाडू बाहेर, आणि सामन्याची अजून अठ्ठावीस मिनिटं बाकी होती.

तो फाऊल सोजरचा नव्हता. माझा होता.

हे आधीच सांगून टाकते. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत मी यात बारा वर्षं घालवली आहेत, तेवढी पुरे झाली.

सत्त्याण्णव सालचा ऑक्टोबर. दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं सिमेंटचं मैदान आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या मुलींच्या स्पर्धेची फायनल. समोर दौंडच्या मुली. त्यातल्या निम्म्या त्या कॉलनीतच वाढलेल्या, चालायला लागल्यापासून बॉल हातात. त्यांची अकरा नंबर मर्सी ही रेल्वेतल्या गार्डसाहेबांची मुलगी, पाच फूट अकरा इंच, आणि वर पुन्हा उडी मारायची. आम्ही शिरूरच्या. आमच्यातल्या बहुतेकींनी कॉलेजात येईपर्यंत बास्केटबॉल फक्त टीव्हीवर पाहिला होता. सोजरनं तोही पाहिला नव्हता.

मी सुलक्षणा. चार नंबर, कॅप्टन, उंची पाच फूट एक इंच, आवाज मात्र सात फुटांचा. वडील केंदूरच्या सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे हुकूम सोडायची सवय घरातूनच आलेली. सोजर बिरदेव कोळपे ही आमची पोस्ट. पोस्ट म्हणजे बास्केटच्या बुडाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, वरून पडणारा बॉल धरायचा आणि दिवसभर कोपरं खायची. उंची पाच दहा. नाव आजीचं ठेवलेलं. वर्गात हजेरी घेताना सर "सोजर" म्हणाले की मागच्या बाकावरून कोणीतरी "आज्जी आल्या" म्हणायचं. ती उभी राहून "हजर" म्हणायची, आणि तिची उंची पाहून मागचा बाक गप्प व्हायचा.

तर तो तिसरा फाऊल. मर्सी बॉल घेऊन वर गेली. सोजर तिच्यासमोर दोन्ही हात आभाळाकडे करून खांबासारखी उभी होती, अगदी नियमात. मी बाजूनं धावत आले आणि मर्सीच्या मनगटावर चापट मारली. चट्ट असा आवाज झाला, माझ्या तळहाताला झिणझिण्या आल्या. अंपायर पलीकडच्या बाजूला होता. त्याला समोरची उंच मुलगी दिसली, मागची बुटकी दिसली नाही.

मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात सोजरचा हात वर गेला. मला वाटलं, धक्काबुक्कीत तिला स्वतःलाच कळलं नसेल. मग वाटलं, अजून दोन शिल्लक आहेत तिचे. मग वाटलं, मी कॅप्टन आहे, माझ्याविना बॉल पुढे कोण नेणार? अशी तीन कारणं मला एका श्वासात सुचली. लबाडीला कारणं लागतात तेव्हा ती धावतच येतात.

हा हात वर करण्याचा प्रकार आमच्या गवारे सरांचा. सर स्वतः कबड्डीचे. बास्केटबॉल त्यांनी पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुन्यात घेतलेल्या एका नियमांच्या पुस्तकातून शिकून घेतला आणि आम्हाला शिकवला. पुस्तकाला खाकी कव्हर, आत सरांच्या अक्षरात समासभर टिपा. त्यात लिहिलं होतं की फाऊल दिला की खेळाडूनं टेबलाकडे तोंड करून हात सरळ वर करायचा. सरांनी ते वाक्य लाल शाईनं अधोरेखित केलं होतं.

"चूक झाली तर लपायचं न्हाई," सर म्हणायचे. "हात असा वर करायचा का घोडनदीच्या पुलावरून दिसला पायजे."

आमच्या झोनमध्ये दुसरी कुठलीच टीम हात वर करायची नाही. आम्हाला वाटायचं, त्या बेशिस्त आहेत.

सोजरचे फाऊल व्हायचेही फार. त्याचं कारण आम्हाला सुरुवातीला कळेना. ती समोरून जाणाऱ्या मुलीची जर्सी गच्च धरायची, गुडघा आडवा घालायची, आणि शिट्टी वाजली की स्वतःच चकित होऊन आपल्या हाताकडे बघायची. पहिल्या मॅचमध्ये ती नऊ मिनिटांत पाच फाऊल करून बाहेर आली होती.

तिच्या घरच्यांची पुढे खेळायची परवानगी मागायला सर मला घेऊन कवठे येमाईला गेले, तेव्हा ते कोडं सुटलं. गावापासून तासभर चालत तिची वस्ती. वडिलांची आता शेती होती, पण आजोबांनी, ज्योतिबा आबांनी, चाळीसएक मेंढरं ठेवली होती. संध्याकाळची वेळ होती. जाळीची वाघर लावून मेंढरं आत घेणं चाललं होतं आणि वाघरीच्या तोंडाशी सोजर उभी होती. एखादं मेंढरू बाजूनं सटकायला बघे, की हिचा गुडघा आडवा आणि हात लोकरीत. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "घे. हितं हायेत आपले समदे फाऊल."

सरांनी आबांना सगळं समजावून सांगितलं. खेळ काय, धरलं तर शिट्टी कशी वाजते, पाच झाले की पोरगी कशी बाहेर जाते. आबांनी तंबाखू मळत मळत ऐकून घेतलं.

"मास्तर, मंग तिला गाभन मेंढी समजायला सांगा की."

"कुनाला?"

"समोरच्या पोरीला. गाभन मेंढीला हात लावायचा न्हाई, धक्का द्यायचा न्हाई. आत कोकरू असतंय. ती जिकडं जानार तितं आपुन आदी जाऊन हुबं ऱ्हायचं. हात वर. ती येती, बघती आन् आपसूक थांबती." आबा उठून करूनही दाखवायला लागले. धोतर, मुंडासं, दोन्ही हात वर.

सरांनी कपाळावर हात मारला. पुस्तकात दोन पानं भरून हेच लिहिलेलं होतं आणि सरांना ते समजलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर सरांची एकच आरोळी सुरू झाली, "सोजर, गाभन हाय, गाभन हाय!" रस्त्यावरून जाणारी माणसं थबकून बघायची. आम्ही हसून लोळायचो, पण तिचे फाऊल पाचावरून तीनवर आले.

वडिलांनी परवानगी दिली ती एका अटीवर. सोजरला होस्टेलात जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर नाही. वस्तीवरून गावात तासभर चालत, तिथून शिरूरची गाडी, परतीची शेवटची साडेचारला. पहिले काही आठवडे तिनं ते कसंबसं ओढलं, पण वर्षभर असं करणं शक्य नव्हतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी टीमसाठी म्हणून पाच खाटा सोडल्या आणि सोजरला खिडकीजवळची मिळाली.

तिच्या आयुष्यातली ती पहिली स्वतःची खाट. पहिल्या रात्री ती पडायची भीती वाटून खाटेशेजारी घोंगडी टाकून जमिनीवर झोपली. आम्ही दुसऱ्या दिवशी तिची भरपूर टिंगल केली. तिसऱ्या रात्री ती वर झोपली, ती अंग आखडून, भिंतीला चिकटून. महिनाभरानं मी पाहिलं तर बाईसाहेब हातपाय पसरून घोरत होत्या. मला तेव्हा तिच्याबद्दल इतकं प्रेम भरून आलं, की मी तिच्या अंगावरची सरकलेली घोंगडी नीट केली. खोटं कशाला सांगू, मला ती बहिणीसारखी होती. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

कारण सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर होस्टेलात नव्या मुली येणार होत्या आणि खाटा कमी पडणार होत्या. साहेबांनी सांगून टाकलं होतं, जिची जिल्ह्याच्या संघात निवड होईल तिचीच खाट राहील. बाकीच्यांनी आपली सोय बघावी. इतर चौघींची सोय होण्यासारखी होती. माझ्या वडिलांनी तर शिरूरात खोली बघूनही ठेवली होती. सोजरची खाट गेली की कॉलेज गेलं. जिल्ह्याचा संघ निवडला जाणार होता या दौंडच्या फायनलनंतर, तिथल्या तिथं. एवढं सगळं त्या दिवशी त्या पाट्यांवर लटकलेलं होतं, आणि ते मला पूर्ण माहीत होतं.

शहाणा कोच तीन फाऊल झालेल्या खेळाडूला थोडा वेळ बाकावर बसवतो. आमच्या बाकावर फक्त पाण्याचा कॅन होता. सहावी मुलगी आदल्या दिवशी तापानं पडली होती. त्यामुळे आम्ही पाच म्हणजे पाचच. एक बाहेर गेली तर चौघींनी खेळायचं.

मध्यंतरात सर उकिडवे बसले आणि सोजरला म्हणाले, "आता तू कायबी करायचं न्हाई. बॉल हिसकायचा न्हाई, उडी मारायची न्हाई. फकस्त गाभन."

"व्हय सर."

"आन् सुले, तू तिच्या बाजूला ऱ्हा. मर्सीला आत येऊच द्यायचं न्हाई."

"व्हय सर," मीही म्हणाले, आणि पाणी प्यायला वळले. सोजर माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधत होती. मला वाकायचा कंटाळा, तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या अर्ध्यात ती ज्या पद्धतीनं खेळली ते मी विसरणार नाही. मर्सी यायची, आणि जिथं जायची तिथं ही आधीच उभी असायची, हात वर करून. मर्सी थांबायची, बघायची, बॉल परत फेकायची. कॉलनीतली माणसं कठड्यावर बसून "अगं, जा ना पुढे!" म्हणून ओरडत होती. बाजूच्या रुळांवर इंजिनं डबे जोडत होती, धडाड धडाड आवाज येत होते, आणि आमचा स्कोअर एकेक करून वर चढत होता.

अकरा मिनिटं राहिली असताना जुनी खोड उफाळली. त्यांची एक बारकी मुलगी सोजरच्या कुशीतून सटकली आणि हिची मूठ तिच्या जर्सीत गेली. शिट्टी. चौथा. सोजरनं हात वर केला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्याच मनगटावर एक चापट मारली.

शेवटचं मिनिट. आम्ही एकतीस, त्या तीस. चाळीस सेकंद राहिली असतील. मर्सीनं बॉल घेतला, मी तिच्यासमोर गेले, ती मला वळसा घालून आत शिरली. सोजर आडवी आली, पण या वेळी अर्धं पाऊल उशिरा. बास्केटखाली आम्ही तिघी एकमेकींवर आदळलो आणि मर्सी पडली.

शिट्टी. अंपायर धावत आला. "चार नंबर!"

मी. माझे तोवर दोनच झाले होते, हा तिसरा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी टुणकन उभी राहिले आणि हात असा वर केला की घोडनदीच्या पुलावरूनच काय, नगरहून दिसावा. सोजर वाचली होती. माझी पहिल्या अर्ध्यातली चूकही फिटली असं मला वाटलं, एक तिच्याकडे गेला, एक माझ्याकडे आला. हिशेब बरोबर.

अंपायर टेबलाकडे निघाला होता, तो थांबला. माझ्या मागे बघत होता. मी वळून पाहिलं तर सोजरचाही हात वर.

"कोणाचा आहे?" त्यानं विचारलं.

"माझा सर. हात माझा लागला तिला."

"नाही सर, माझा आहे!" मी किंचाळले.

"सुले, तू तर मागं व्हतीस," ती शांतपणे म्हणाली.

अंपायरनं मर्सीकडे पाहिलं. मर्सी कोपर चोळत उठत होती. ती सोजरकडे बघत राहिली. अंपायर दोन क्षण घुटमळला, मग टेबलाकडे जाऊन त्यानं पंधरा आकडा दाखवला. पाचची लाल पाटी वर आली. सोजर चालत बाकाकडे गेली आणि पाण्याच्या कॅनशेजारी बसली.

मर्सीनं फाऊलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो घातले. त्या बत्तीस, आम्ही एकतीस. आम्ही चौघींनी बॉल पुढे नेला, आणि शेवटच्या काही सेकंदांत तो माझ्या हातात आला. बास्केटखाली, डावीकडे. समोर कोणी नाही. हा बास्केट मी डोळे मिटून घालते. मी तो चुकवला. बॉल रिंगवर आपटून खाली आला, आणि जिथं पडला तिथं सोजर असायला हवी होती.

सामन्यानंतर निवड समितीच्या बाई वही घेऊन सरांकडे आल्या. मी शेजारीच होते.

"तुमची चार नंबर घेतली आम्ही. पंधरा नंबर फार चांगली मुलगी आहे हो, पण पोस्टच्या मुलीनं पाच फाऊल करून बाहेर जायचं म्हणजे..."

"मॅडम, पाचवा तिनं सोताहून घेतला," सर म्हणाले. "अंपायरनं दिलाबी नव्हता."

"पाहिलं ना मी. वाईट वाटतं. पण शीटवर पाच आहेत. चार असते तर मी डोळे झाकून घेतली असती."

चार असते तर. त्या बाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी फक्त म्हणायचं होतं, मॅडम, चारच आहेत, तिसरा माझा होता. अंपायर तिथंच होता, मर्सी तिथंच होती. माझे ओठ हललेसुद्धा. मग बाईंनी वही मिटली, माझी पाठ थोपटली आणि अभिनंदन केलं.

परतीच्या एसटीत मी सोजरवरच उखडले. आपली चूक असली की माणसाला राग फार येतो. "मोठी हरिश्चंद्र लागून गेलीस! अंपायरनं मला दिला व्हता ना? गप बसायला काय झालं व्हतं तुला?"

"ती माझ्याकडं बघत व्हती गं," सोजर म्हणाली. "पडल्यावर. तिला म्हाईत व्हतं."

"आन् खाटेचं काय?"

त्यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली. न्हावरा मागे पडलं तरी बघतच होती. सर पुढच्या सीटवर खाकी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. ते मागं न वळताच म्हणाले, "पोरींनो, अंपायर म्हनत व्हता, आता हात वर करायचा नियमच न्हाई. नव्या पुस्तकात ते वाक्यच काढून टाकलंय. माझं पुस्तक जुनं हाय." त्यांनी पुस्तक पिशवीत सारलं. "मी चुकीचं शिकवलं तुमाला."

"असूंद्या सर," सोजर म्हणाली. "सवय लागली आता."

दिवाळीनंतर तिनं खाट सोडली. गादीची गुंडाळी केली, खाटेखाली केर काढला, भिंतीतला खिळाही काढून देऊ का म्हणून रेक्टरबाईंना विचारून आली. तिची पत्र्याची ट्रंक मी एका बाजूनं धरली, तिनं दुसऱ्या, आणि आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो. तिची बाजू उंच, माझी बाजू ठेंगणी, ट्रंक सारखी माझ्या गुडघ्यावर आपटत होती. रस्ताभर मी बडबड केली. पुण्याला जिल्ह्याच्या संघाचा कॅम्प आहे, बूट नवीन घ्यायचेत, असलं काहीतरी. गाडी सुटताना तिनं खिडकीतून माझी वेणी ओढली.

जिल्ह्याच्या संघात मी दोन सामने खेळले, त्यातला दीड बाकावर. मग लग्न झालं, तेही केंदुरातच, आणि खेळ सुटला. सोजरचंही लग्न झालं, नवरा रांजणगावला कंपनीत आहे, एवढं ऐकून होते. भेट नाही. शिरूरच्या बाजारात एखादी उंच बाई पाठमोरी दिसली की मी दुसऱ्या गल्लीत शिरायचे.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये माझ्या जावेच्या मुलीला, सोनमला, अकरावीसाठी शिरूरला ठेवायचं ठरलं. मुलींचं एक नवं होस्टेल निघालं होतं, तिथं तिला घेऊन गेले. ऑफिसातल्या बाईंनी हाक मारली, "मावशी, यांना खोली दाखवा." आणि दारातून डोकं खाली वाकवून सोजर आत आली. निळी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कानाजवळ चारदोन पांढरे केस.

"सुले!" तिनं मला असं धरलं की माझे पाय जमिनीपासून सुटले. इथं शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं.

सोनमला तिनं खोलीत नेलं, तीन खाटांवरून नजर फिरवली आणि खिडकीजवळची दिली. गादी हातानं दाबून बघितली. मग म्हणाली, "घरी खाटंवर झोपती का गं?"

"नाही, खालीच."

"मंग पयल्या रात्री पडायचं भ्या वाटलं तर खाली झोप. कोन हसनार न्हाई. हसलं तर मला सांग."

नंतर तिच्या जिन्याखालच्या खोलीत आम्ही चहा प्यायलो. तिचं सगळं बरं चाललं होतं. मुलगा चौथीत, घर भाड्याचं पण नळ दारात. आबा जाऊन पाच वर्षं झाली. "बी.ए. तेवढं ऱ्हायलं," ती म्हणाली, जसं भाजीत मीठ राहिलं म्हणावं तसं. "पर होस्टेल काय सुटलं न्हाई बघ माझं." आणि हसली. मी चहा बाजूला सारला.

"सोजर, दौंडला तुझा तिसरा फाऊल... तो तुझा नव्हता. मी मारलं होतं मर्सीला."

"म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"माझे हात तर दोन्ही वर व्हते. चापट कुनाची लागली ते मला कळायचं न्हाई व्हय? केवढ्यांदा वाजली!"

बारा वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की तिला कळलं नसेल.

"मग तू हात कशाला वर केलास?"

तिनं कप खाली ठेवला. "मी थांबले व्हते जरा. म्हनलं तू करशील. तू केला न्हाईस. अंपायर तसाच हुबा, टेबलावरचा मानूस पाटी घेऊन हुबा. कुनाचा तरी हात वर व्हायला पायजेच व्हता ना?"

"रागावली नाहीस?"

"तवा न्हाई. मॅच चालू व्हती." तिनं कमरेच्या किल्ल्या चाळवल्या. "खाट सोडताना रागावले व्हते. लई. तू ट्रंक धरून माझ्यासंगं चालत व्हतीस, वाटलं आता बोलशील, मग बोलशील. स्टँड आलं तरी तू बुटाचंच बोलत व्हतीस."

मला रडू आवरेना. तिनं रडू दिलं. मग पदरानं माझा चेहरा पुसला, तोही जरा जोरातच, आणि म्हणाली, "पुरे. साडेपाच झाले. मला फाटकावर जायचंय."

साडेपाचला मुलींना तासभर बाहेर सोडतात, पण आधी वहीत नाव लिहायचं असतं. मी सोनमचा निरोप घेऊन रस्त्यापलीकडे गेले आणि मागे वळून पाहिलं. पन्नाससाठ मुली हसत, ढकलाढकली करत फाटकाकडे लोटल्या होत्या, आणि फाटकात सोजर उभी होती. दोन्ही हात वर. कोणाला हात लावत नव्हती, ओरडत नव्हती. मुली आल्या, बघितलं आणि आपसूक थांबल्या. एकेक करून वहीकडे वळल्या.

मी रस्त्याच्या कडेला पिशवी खाली ठेवली. तिच्याकडे तोंड केलं, आणि उजवा हात सरळ डोक्यावर नेला, कोपर न वाकवता, सरांनी शिकवला होता तसा. शेजारचा रिक्षावाला विचारायला लागला, "कुठं जायचं ताई?" मी हात खाली घेतला नाही.

सोजरनं मुलींच्या डोक्यांवरून मला पाहिलं. मग तिनं आपला एक हात थोडा खाली आणला आणि मला बोटं दाखवली. तीन. माझ्या नावावर त्या सामन्यात दोन होते, हा तिसरा. तिच्या बरोबर लक्षात होतं.

मग ती पुन्हा मुलींकडे वळली. मी हात खाली घेतला, पिशवी उचलली आणि केंदूरची गाडी धरायला स्टँडकडे चालू लागले.